मागच्या सीटवरचं पान

गाड्यांची परीक्षा घेणारी माणसं पुष्कळ असतील, पण बायकोला मागे बसवून परीक्षा घेणारा तो एकटाच. अठरा वर्षं एका साप्ताहिकात त्याचं पान चालू होतं. महिन्यातून दोनदा दोन नव्या गाड्या, एक बड्या लोकांची आणि एक तुमच्या-आमच्यासारख्यांची, आणि दोन्हींच्या खुब्या नि खोडी शेजारी शेजारी. पानाचं नाव 'समोरून आणि मागून'. समोरून म्हणजे तो, गाडी चालवणारा. मागून म्हणजे त्याची बायको. वाचकांना वाटायचं, दोन्ही हाच लिहितो आणि 'मागून' ही नुसती गंमत आहे. पानावर नाव त्याचं, फोटो त्याचा, सत्कारही त्याचेच. बायकोला त्याचं काही वाटत नाही असं तो धरून चालला होता.

खरं सांगायचं तर लोक आधी 'मागून'च वाचायचे. स्टिअरिंग कसं आहे नि इंजिन कसं आहे, हे सांगणारे शंभर जण भेटतात. मागे कोण बसतं? म्हातारे आईबाप, लेकरं, पाहुणे. त्यांची बाजू कोण मांडणार? एका भल्या थोरल्या गाडीबद्दल तिने एकदा लिहिलं होतं, 'मागे बसल्यावर राणी झाल्यासारखं वाटतं, पण राणीला उतरवायला दोन माणसं लागतात.' पुढच्या वर्षी कंपनीने ती सीट दोन बोटं उंच केली. शाबासकी कोणाला मिळाली, ते विचारूच नका.

दोघांचा एक नियम होता. गाडी सुरू झाली की घरी परत येईपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. एकाचं मत दुसऱ्याला चिकटू नये म्हणून. ती मांडीवर लिहायची फळी घेऊन बसायची, त्यावर कागद, दोऱ्याने बांधलेलं पेन, आणि जे वाटेल ते तिथल्या तिथे टिपून ठेवायची. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी पानांची अदलाबदल व्हायची आणि मग भांडण. तेही ठरलेलं. मग तो सगळं एकत्र करून संपादकांकडे पाठवायचा. अठरा वर्षांत तिच्या पानातली एकही ओळ त्याने गाळली नव्हती. शब्द बदलले असतील, पण ओळ गाळली नव्हती.

आता या खेपेची गोष्ट.

बोलताना ते गाड्यांची कंपनीची नावं घ्यायचे नाहीत, महागडी ती थोरली आणि साधी ती धाकटी, एवढंच. या खेपेची थोरली म्हणजे विचारू नका. दार नुसतं टेकवलं की उरलेलं आपलं आपण ओढून घेणारी. सीट पाठ चेपून देणारी. समोर परातीएवढा पडदा, आणि गार हवा कमी करायची तर त्या पडद्यावर तीन ठिकाणी बोटं लावायची. रस्त्यावरून नजर काढून, बरं का. टायर इतके पातळ की खड्डा दिसला की पोटात गोळा यावा, आणि डिकीत जादा चाक नाही, त्याच्या जागी फुग्यात हवा भरायचा असावा तसा एक पंप. धाकटीचं उलटं. सगळी बटणं गोल, हाताला सापडणारी. चारही बाजूंचं स्वच्छ दिसतं, वळते झटकन, जादा चाक आहे. पण दार लावलं की पत्र्याच्या डब्याचा आवाज, आणि चढावर इंजिन असं रडतं की उतरून ढकलावंसं वाटतं.

सोमवारी सकाळी थोरली काढली. वसाहतीच्या फाटकाबाहेर आले आणि स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांच्या मधे एक छोटं चित्र उमटलं. पाच सीटांचं चित्र, आणि मागच्या एका सीटवर तांबडा ठिपका. पाठोपाठ टिंग-टिंग असा आवाज. त्याने आरशात पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, शांत, फळी मांडीवर. पट्टा खांद्यामागे जिथल्या तिथे लटकत होता.

त्याचा विश्वास बसेना. ही कोण बाई? भाचीच्या लग्नाला निघालेल्या सोळा पाहुण्यांना तीन गाड्यांत बसवून एकेकाचा पट्टा ओढून बघणारी बाई ही. चुलत सासऱ्यांना तिने भर रस्त्यात सुनावलं होतं, 'पट्टा लावत नसाल तर उतरा, बस मिळेल.' आणि आज घंटी वाजतेय तर तिला वाटतंय, गाडीचं काहीतरी चाललंय.

नियमाप्रमाणे बोलायचं नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, मागचं दार उघडलं आणि पट्टा ओढून तिला लावला.

"काय हो?" ती म्हणाली.

"काही नाही. जरा अडकला होता."

दार बंद करून तो पुन्हा पुढे बसला. तांबडा ठिपका हिरवा झाला होता. पण ही काही पहिली वेळ नव्हती. गेले चार-पाच महिने असं काहीबाही चालू होतं. चहाचं आधण आटून भांडं करपलेलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना एकाच दिवशी दोनदा जाऊन तोच निरोप सांगितलेला. आणि एक प्रश्न, "संपादकांचा फोन आला होता का?" तासाभरात तीनदा. दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करून म्हणायचा, "नाही गं, अजून नाही." लेकीला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही, आणि तिला तर नाहीच नाही. त्याच्या मते तो तिला जपत होता. माणूस मूग गिळून बसला की त्यालाही काहीतरी छान नाव देतो.

दुपारी धाकटी काढली. धाकटीत ठिपके नाहीत नि घंट्या नाहीत. पुढच्या दोघांचं कळतं, मागचे उडाले काय, बसले काय, तिला पत्ता नाही. निघण्यापूर्वी त्याने मागे वळून बघायला हवं होतं, पण बघितलं असतं तर सकाळचं दोघांच्या मधे आलं असतं, म्हणून नाही बघितलं. पुलाखालचं डावं वळण घेतलं आणि आरशात दिसलं, ती कमरेशी काहीतरी चाचपडत होती. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच.

संध्याकाळी पानं बदलली. तिचं पान नेहमीसारखं खमंग होतं. थोरलीबद्दल, 'पाठ चेपते पण मान कोणी चेपायची? उशी पुढे येते.' धाकटीबद्दल, 'मांडीला आधार अर्धाच. उंच माणसाने जवळच्याच गावाला जावं.' आणि खाली शेवटी, 'डाव्या वळणावर पट्टा आपोआप सुटला. दोनदा.' त्या ओळीपुढे पेनाची तीन बारीक टिंबं. हल्ली तिच्या कागदावर कुठे कुठे अशी टिंबं असायची. हात थरथरत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

ओळ वाचून तो खाली गेला. धाकटी अजून फाटकाशी उभी होती. मागे बसून त्याने पट्टा लावला आणि ओढला. घट्ट बसला होता. झालं. अठरा वर्षं गाड्यांची साल काढणाऱ्या माणसाने तो पट्टा एकदा ओढून बघितला, आणि गाडी उभी असताना. कारण उत्तर त्याने आधीच काढलं होतं. सकाळी लावला नाही तसा दुपारीही लावला नसणार. मग लक्षात आल्यावर चाचपडत होती, आणि घरी येईपर्यंत त्याचं 'आपोआप सुटला' झालं.

मंगळवारी मजकूर करताना त्याने ती ओळ गाळली. छापली आणि कंपनीने दाखवून दिलं की पट्टा उत्तम आहे, तर हसं कोणाचं होणार? तिचं. असं तो स्वतःला म्हणाला. थोरलीच्या खुब्यांमध्ये तो तांबडा ठिपकाही त्याने घातला नाही, कारण तो आपल्याला कसा कळला हे लिहायला हात धजेना. उरलेला मजकूर नीटनेटका करून पाठवून दिला.

त्याच दुपारी लेकीचा फोन. लेक इस्पितळात परिचारिका, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. तिची पोर दीड वर्षाची, नाव काहीही असो, सगळे तिला ठकीच म्हणायचे. ठकीला पाळणाघरात सोडायचं नि कामावर पोचायचं म्हणजे लेकीची रोज तारांबळ, म्हणून गाडी घ्यायचं चाललं होतं.

"बाबा, तुम्ही काल तपासलीत ना, ती धाकटीच बघितलीय मी. तयार गाडी आहे त्यांच्याकडे, शनिवारी मिळेल. घेऊ का?"

"डोळे झाकून घे," तो म्हणाला.

"आईला सांगू नका हं. रविवारी दारात आणून उभी करते."

त्यालाही मजा वाटली. त्याने सांगितलं नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला फाटकाशी भोंगा वाजला. दोघं खाली आले. धाकटी उभी, निळ्या रंगाची, आरशाला अजून कागद चिकटलेला. मागे ठकी तिच्या छोट्या आसनात राजासारखी बसलेली, हातात चावून चावून मऊ केलेला बूट. आजीला बघून तिने तो बूट पुढे केला.

"अगं बाई! ही तुझी?" बायको हरखली. गाडीभोवती फेरी मारली, दार उघडून ठकीच्या गालाचा मुका घेतला. आणि मग एकदम थांबली. गाडीच्या मागच्या भागाकडे बघत राहिली. "ही तीच ना हो? आपण सोमवारी काढली ती?"

"तीच," तो म्हणाला.

"मग मी काहीतरी लिहिलं होतं हिच्याबद्दल." तिच्या कपाळावर आठी पडली. आठवायला जोर लावावा लागत होता, ते लेकीच्याही लक्षात यावं इतकं. "काहीतरी मागच्या... थांब हं तू, निघू नकोस. मी आलेच वरून."

ती जिन्याकडे गेली. इथे त्याने काय करावं? सांगतो काय केलं. त्याच्या मनात आलं, आता ही कागद घेऊन येणार, लेकीसमोर पट्ट्याचं सांगणार, लेक म्हणणार दाखव, पट्टा काही सुटणार नाही, आणि सगळं उघडं पडणार. म्हणून तो लेकीला म्हणाला, "जा तू. पोरीची झोपायची वेळ झालीय. आईचं काय, ती बसेल कपाटं उचकत."

"पण ती थांब म्हणाली."

"मी सांगतो तिला. जा."

लेक गेली. कोपऱ्यावर निळा रंग दिसेनासा झाला, आणि जिन्यावरून पावलं वाजली. बायको धापा टाकत खाली आली, एका हातात तिची फळी, वर सोमवारची पानं, दुसऱ्या हातात आजचा अंक.

"गेली?"

"ठकीला झोप आली होती."

"मी थांब म्हटलं होतं." तिने अंक त्याच्यासमोर धरला. "ही ओळ कुठाय?"

"कुठली?"

"मला कुठली म्हणून विचारू नका. पट्ट्याची. धाकटीच्या खोडीत मी लिहिली होती. इथे आहे, आणि इथे नाहीये. अठरा वर्षांत असं झालं नाही."

फाटकावरचा पहारेकरी रेडिओ लावून बसला होता, त्याने आवाज कमी केला, म्हणजे त्याचेही कान इकडेच होते.

"तुम्हाला वाटलं मी पट्टा लावलाच नव्हता," ती म्हणाली.

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

तसंच होतं. तिने कागदावर बोट ठेवलं, त्या तीन टिंबांवर. "हे काय आहे ठाऊक आहे तुम्हाला? पट्टा लावला की मी तीनदा ओढून बघते आणि तीन टिंबं देते. मग पुढे लिहिते. टिंबं आहेत म्हणजे लावला होता. लावला होता आणि सुटला. दोन वेळा. आणि आता त्या पट्ट्यावर ठकीचं आसन बांधलंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती सांगत होती त्यात कुठे फट नव्हती. इतकं सरळ नि नेमकं गेल्या महिनाभरात तोही बोलला नव्हता. त्याने खिशातून फोन काढला, लेकीला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, मग जग बुडालं तरी, हे तिला त्यानेच शिकवलं होतं, ती एकोणीस वर्षांची असताना.

"चला," बायको म्हणाली.

त्यांची स्वतःची गाडी अकरा वर्षांची, परीक्षेला कधी न बसलेली. बायको सवयीने मागेच बसली. लेकीच्या घरापर्यंत पस्तीस मिनिटं, आणि डावी वळणं किती? तो मोजायला लागला. दूध केंद्राशी एक. पुलाखाली एक, ते तर एकदम काटकोनात. मग गोदामांच्या रांगेशी एक, आणि तिथे मालमोटारी वाट्टेल तशा आडव्या येतात. प्रत्येक वळणाला त्याचा जीव टांगणीला लागायचा, पुढे कुठे गर्दी जमलेली दिसतेय का, काही निळं दिसतंय का. पुलाखाली खरंच एक गाडी कडेला उभी होती. पांढरी होती. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, देवाला की स्वतःला ते त्यालाच माहीत.

मागून आवाज नव्हता. नियम म्हणून नव्हे. तिला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं.

लेकीच्या इमारतीखाली धाकटी उभी होती. मागचं दार उघडं, लेक वाकून ठकीला उचलत होती. पोर धडधाकट, अर्धवट झोपेत, बूट हातात. त्याचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही.

"तुम्ही? काय झालं?" लेक म्हणाली.

बायको तिच्या शेजारून सरळ आत वाकली. ठकीचं आसन एका अंगाला कललं होतं. आसनातून ओवलेला गाडीचा मोठा पट्टा सैल पडला होता आणि त्याची लोखंडी जीभ बकलाबाहेर होती.

"हा तू काढलास?" तिने विचारलं.

"मोठा? नाही. तो कायम लावलेलाच ठेवते मी. आत्ता फक्त हिच्या खांद्यावरचे सोडले." लेकीने वाकून बघितलं आणि ती तशीच राहिली. "आई, हा कधी सुटला?"

तो गुडघ्यांवर बसला. आता मात्र त्याने अठरा वर्षांची सगळी हुशारी लावली, जी सोमवारी लावायची होती. बकलाचं तांबडं बटण त्याच्या चौकटीतून नखभर वर आलेलं होतं. थोरलीत ते खोल बसवलेलं होतं, बोटाशिवाय दबणार नाही असं. इथे आसनाची कड बरोब्बर त्यावर यायची. गाडी डावीकडे वळली, आसन मधल्या बाजूला रेटलं गेलं, की खट्. त्याने पट्टा लावला, आसन हाताने रेटलं. नाही सुटला. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा खट्. दहा वेळा केलं, चार वेळा सुटला. मग बायकोने तिची लिहायची फळी पुढे केली. फळी सीटवर ठेवून त्याने तिची कड बटणाकडे सरकवली. खट्. सोमवारी वळणावर फळी मांडीवरून घसरून हेच झालं होतं.

"बाबा, तुम्ही तपासली होतीत ना?" लेकीचा आवाज चढला. "मी डोळे झाकून घेतली. तुम्ही म्हणालात म्हणून."

"आईने लिहिलं होतं," तो म्हणाला. "मी छापलं नाही."

"का?"

का ते सांगायचं म्हणजे बायकोसमोर सांगायचं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"कारण मला विसरायला होतं," बायको म्हणाली.

लेक तिच्याकडे बघत राहिली.

"गेला हिवाळाभर होतंय. यांना वाटतं, मला ठाऊक नाही. करपलेलं भांडं मीच घासते, मला ठाऊक नसेल?" ती ठकीच्या पाठीवर हात फिरवत बोलत होती, अगदी साधेपणाने. "म्हणून तर मी टिंबं द्यायला लागले. जे मी तीनदा करून बघितलं तेवढंच खरं धरायचं. यांना विसरायला होत नाही ना, म्हणून यांनी एकदाच ओढून बघितला."

तो रडला. भर दिवसा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांमध्ये, गुडघ्यांवर बसून. लेकीने ठकीला आजीकडे दिलं आणि त्याला हाताला धरून उठवलं, पण ती रागावलेली होती आणि तो राग तिने लपवला नाही. "मला का नाही सांगितलंत? दोघांनीही?" ती म्हणाली.

वर गेल्यावर ठकीला झोपवलं. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी तिघं बसली. लेकीने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून बुधवारची वेळ घेतली, आईला न विचारता. आईने वार आपल्या कागदावर टिपून घेतला. उद्या सकाळी कंपनीला कळवायचं, विक्रेत्याला कळवायचं, तोवर गाडी हलवायची नाही, असं ठरलं. मग तो तिची पानं पुढ्यात घेऊन दुरुस्तीचा मजकूर लिहायला बसला. संपादकांना आजच पाठवायचा होता, वाचकांतल्या कोणाकोणाची नातवंडं त्या सीटवर बसत असतील कोण जाणे.

"थोरलीचं पान द्या बघू," बायको म्हणाली.

त्याने दिलं. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. दाराची ओळ, उशीची ओळ, पाठ चेपायची ओळ. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली.

"यात पट्ट्याची टिंबं नाहीत," ती म्हणाली. "थोरलीत मी लावला होता का?"

लेक चहा करायला शेगडीपाशी उठली होती, तीही थांबली. 'लावला होता' म्हणणं किती सोपं होतं. सकाळपर्यंतचा तो असता तर म्हणालाही असता.

"नाही," तो म्हणाला. "विसरली होतीस. गाडीने सांगितलं. तांबडा ठिपका आला, घंटी वाजली. मी उतरून लावला."

तिने थोरलीचं पान टेबलावर सपाट केलं.

"मग हे छापायला नको होतं?" ती म्हणाली. "त्या गाडीत पाठ चेपणारी सीट नि आपोआप लागणारं दार, सगळं लिहिलंत. मागे बसलेली म्हातारी विसरली तर गाडी पुढच्याला सांगते, यापेक्षा मोठी खुबी कुठली? आणि धाकटी सांगत नाही, यापेक्षा मोठी खोड कुठली? दोन्ही गाळलंत. मला झाकायला गेलात आणि दोन्ही गाड्या चुकवून बसलात."

"तुझं नाव कसं घालणार होतो मी?"

"आता घाला. एवढी वर्षं घातलं नाहीत, आता घाला. लिहा, मी सांगते."

तो लिहीत गेला, ती सांगत गेली, त्याच्याच तोंडचं म्हणून. मधे एकदा तिचा धागा सुटला, तेव्हा त्याने मागचं वाक्य वाचून दाखवलं आणि ती पुढे निघाली. 'हे पान अठरा वर्षं दोघं जण लिहितात. मागची बाजू माझ्या बायकोची. तिला हल्ली विसरायला होतं. थोरलीत ती पट्टा लावायला विसरली आणि थोरलीने मला सांगितलं. धाकटीत तिने पट्टा लावला होता, तो सुटला, आणि तसं तिने लिहिलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या सीटवर माझी नात बसली होती.' एवढं झाल्यावर तो थांबला. खाली दोन नावं घातली, आधी तिचं.

निघताना लेक खाली सोडायला आली. जुन्या गाडीत बायको मागे बसली, फळी शेजारी ठेवली. त्याने चावी लावली, पण फिरवली नाही. आपल्या गाडीतही मागचा ठिपका नाही, घंटी नाही, हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. तो उतरला, मागचं दार उघडलं आणि तिने लावलेला पट्टा तीनदा ओढून बघितला. तिनेही ओढू दिला.

गोदामांची रांग गेली. पुलाखालचं वळण गेलं.

"अहो, संपादकांचा फोन आला होता का?" मागून आवाज आला.

'नाही गं, अजून नाही,' हे शब्द जिभेवर येऊन बसले होते, गेल्या चार-पाच महिन्यांच्या सवयीने.

"नाही आला," तो म्हणाला. आणि मग, आरशात तिच्याकडे बघत, "हे तू सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेयस."

मग तिने फळी मांडीवर घेतली, पेन शोधलं आणि कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

"बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली.